जर्मनी-स्वित्झर्लंडच्या शालेय सहलीत मुलाजवळ पैसे कसे द्यावेत

आपला प्रश्न असा आहे की, आपला नववीतला मुलगा शाळेबरोबर नऊ दिवसांसाठी जर्मनी आणि स्वित्झर्लंडला जाणार आहे, सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण सहलीच्या शुल्कात धरलेले आहे, शाळेने प्रत्येक मुलाजवळ ५०० युरो असावेत असे सुचवले आहे, आणि ते रोख द्यावेत की कार्डावर, हे आपल्याला ठरवता येत नाही. आम्ही बडोद्याचेच, दांडिया बाजारात राहणारे. माझी मुलगी दहावीत असताना जवळजवळ याच मार्गाने, म्हणजे फ्रँकफुर्ट, हायडेलबर्ग, ब्लॅक फॉरेस्ट, ऱ्हाइनचा धबधबा, लुत्सर्न आणि झुरिक अशी जाऊन आली. त्या वेळी आमच्याकडून ज्या चुका झाल्या त्या आपल्याकडून होऊ नयेत, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

माझे स्पष्ट मत असे की रकमेची चिंता आपण जरा जास्तच करीत आहात आणि ती रक्कम कोणत्या रूपात द्यायची याची जरा कमी. न्याहारी आणि रात्रीचे जेवण मिळत असेल, तर ५०० युरो लागत नाहीत. जर्मनीत दुपारी बेकरीतला पाव, सँडविच किंवा फ्राइज आणि वर एखादे पेय एवढ्याला साधारण दहा-बारा युरो पुरतात. स्वित्झर्लंडमध्ये मात्र साध्यातले साधे जेवणही पंधरा ते पंचवीस फ्रँकांच्या खाली सहसा मिळत नाही. तीन दुपारी इकडच्या आणि तीन तिकडच्या धरल्या, त्यात पाणी, स्वच्छतागृहे आणि घरच्यांसाठी आणायच्या वस्तू मिळवल्या, तर १५० युरो रोख, ८० फ्रँक रोख आणि अडीअडचणीसाठी कार्डावर १०० युरो एवढे पुरेसे होते. युरो आणि फ्रँक दोन्ही सध्या शंभर रुपयांच्या वर आहेत, तेव्हा हीच रक्कम पस्तीस हजारांच्या घरात जाते, आणि पंधरा वर्षांच्या मुलाच्या खिशासाठी ती काही थोडी नाही.

फ्रँक वेगळे घ्यावेत, असे मी आग्रहाने सांगते. पर्यटकांच्या गावांत दुकानदार युरो घेतात हे खरे, परंतु भाव दुकानदार ठरवेल तो लागतो आणि उरलेले पैसे फ्रँकांतच परत मिळतात. आपल्याकडे एखाद्या नातेवाइकाने मागच्या प्रवासातले फ्रँक कपाटात ठेवलेले असतील आणि ते प्रेमाने मुलाच्या हातावर ठेवले जाणार असतील, तर त्या नोटा आधी तपासून घ्याव्यात. स्वित्झर्लंडच्या आठव्या मालिकेच्या, म्हणजे आताच्यांच्या आधीच्या जुन्या नमुन्याच्या, नोटा ३० एप्रिल २०२१ नंतर व्यवहारातून बाद झाल्या आहेत. त्या तेथील मध्यवर्ती बँकेत बदलून मिळतात, पण सहलीच्या बसमधून उतरून बँकेत जाण्याइतका वेळ कोणत्याही मुलाला मिळत नाही. युरोच्या जुन्या नोटांची अशी अडचण नाही, त्या अजूनही चालतात.

आता आमची चूक सांगते. चलन देणाऱ्या दुकानात आम्ही घाईने गेलो, समोरच्याने १०० आणि ५० युरोच्या नोटा मोजून पाकिटात घातल्या, आणि पाकीट लहान राहिले याचेच आम्हाला समाधान वाटले. फ्रँकफुर्टहून निघाल्यावर बस पहिल्यांदा थांबली ती महामार्गावरच्या विश्रांतिस्थानी. तेथील स्वच्छतागृहाच्या दाराशी फिरते लोखंडी फाटक असते आणि बाजूच्या यंत्रात एक युरो टाकल्याखेरीज ते उघडत नाही. मुलगी हातात ५० युरोची नोट धरून त्या फाटकासमोर उभी राहिली, मागे रांग वाढत गेली, शेवटी एका मैत्रिणीने आपल्याजवळचे नाणे दिले. फोनवर हे सांगताना तिचा आवाज रडवेला झाला होता. हायडेलबर्गच्या बेकरीतही १०० युरोची नोट घेतली नाही, कारण लहान दुकानांत इतकी मोठी नोट पुष्कळदा नाकारतात. म्हणून आपण ५, १० आणि २० च्याच नोटा मागाव्यात. नसतील तर दोन दिवसांनी येतो असे सांगावे, पण मोठ्या नोटा घेऊन परतू नये. नाणी येथे बहुधा मिळत नाहीत, तेव्हा उतरल्यावर विमानतळावरच पाचची नोट देऊन पाण्याची बाटली घ्यायची आणि आलेली मोड जपून ठेवायची, हे मुलाला आधीच सांगून ठेवावे. महामार्गावरची स्वच्छतागृहे चालवणाऱ्या सॅनिफेअर या कंपनीच्या यंत्रात टाकलेल्या एका युरोबद्दल जे कूपन मिळते ते तेथल्याच दुकानात एक युरो म्हणून चालते. मुले ते कचऱ्यात टाकतात, तसे करू नये.

बाटलीचेही तसेच आहे. जर्मनीत पेयाच्या प्लॅस्टिकच्या बाटलीवर किंवा पत्र्याच्या डब्यावर किमतीखेरीज २५ सेंट अनामत घेतात आणि रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की त्याची पावती मिळते, ती गल्ल्यावर दाखवली की पैसे परत. स्वित्झर्लंडमध्ये अशा बाटलीवर अनामत नाही, म्हणून जर्मनीतल्या बाटल्या सीमा ओलांडण्यापूर्वीच परत करायला हव्यात. त्याहून बरे म्हणजे घरून एक रिकामी बाटली बरोबर द्यावी. दोन्ही देशांत नळाचे पाणी निर्धास्त पिता येते.

पाच फ्रँकच्या नाण्याविषयी दोन ओळी जास्त लिहिते, कारण आमचे सर्वांत जास्त नुकसान तेथेच झाले. आपल्याकडे नाणे म्हणजे एक, दोन, फार तर वीस रुपये. तिकडचे ते जाडजूड, मोठे, चांदीसारखे दिसणारे नाणे मात्र आपल्या पाचशेच्या नोटेहून जास्त किमतीचे असते. मुलीच्या मनाने त्याला सुट्या पैशांत धरले. प्रत्येक दुकानात ती नोट काढायची आणि मिळालेली नाणी पिशवीत टाकायची. घरी आल्यावर तिने ती पिशवी माझ्या ओंजळीत रिकामी केली तेव्हा पाच फ्रँकची सात नाणी निघाली, म्हणजे पस्तीस फ्रँक. चलन बदलून देणारे नाणी परत घेत नाहीत, त्यामुळे ती आजही तशीच पडून आहेत. मुलाला आधी नाणी संपवायला सांगावे, आणि हे नुसते न सांगता जाण्यापूर्वी नाण्यांची चित्रे काढून, प्रत्येकासमोर रुपयांतली किंमत लिहून तो कागद त्याच्या पाकिटात ठेवावा.

कार्ड द्यावेच, पण मुलाच्या स्वतःच्या नावाचे. आई-वडिलांचे कार्ड मुलाच्या हाती देणे बँकेच्या नियमात बसत नाही आणि ते हरवले तर तक्रार करताना अडचण येते. काही बँका अल्पवयीन मुलांना पालकाच्या सहीने फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधी परकीय चलन भरून ठेवायचे कार्ड, देतात, काही देत नाहीत, म्हणून ही चौकशी महिनाभर आधी सुरू करावी. मुलाच्या बचत खात्याचे डेबिट कार्ड वापरायचे असेल, तर त्यावर परदेशातील व्यवहार आधी चालू करून घ्यावे लागतात, कारण २०२० पासून नवीन कार्डे फक्त देशातल्या वापरापुरतीच चालू करून दिली जातात. शिवाय त्यावर बँकेचे जादा शुल्क लागते. फॉरेक्स कार्डात आजच्या भावाने युरो भरले की तो भाव पक्का होतो आणि शिल्लक आपल्याला घरी बसून पाहता येते.

दुकानात कार्ड लावले की यंत्राच्या पडद्यावर कधीकधी विचारले जाते, रक्कम युरोत घ्यायची की रुपयांत. मुलांना रुपये ओळखीचे वाटतात आणि ती तेच दाबतात. उत्तर नेहमी युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. रुपये निवडले की भाव त्या यंत्रामागची कंपनी लावते आणि तो आपल्याला महागात पडतो.

चलन घेताना भाव पाहून घाबरू नये, पण दोन-तीन ठिकाणी फोन अवश्य करावा. अलकापुरी आणि सयाजीगंजात बँका आणि परवानाधारक दुकाने दोन्ही आहेत. तीनशे युरोंवर भावात पन्नास पैशांचा फरक म्हणजे दीडशे रुपये, तेवढ्यासाठी गावभर हिंडण्यात अर्थ नाही. मात्र अहमदाबादच्या विमानतळावर घेऊ असे म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर टाकू नये, तेथे भाव फार जास्त लागतो. जीएसटीचा हिशेबही माहीत असावा. एक लाखापर्यंतच्या चलनावर रकमेच्या १ टक्का, किमान २५० रुपये, एवढे मूल्य धरून त्यावर १८ टक्के कर लागतो, म्हणजे तीस हजारांच्या चलनावर फक्त ५४ रुपये. त्याहून जास्त काही लावले असेल तर ते कशाचे, हे विचारावे आणि पावती घ्यावी. रुपये रोख द्यायचे तर पन्नास हजारांपर्यंतच देता येतात, आणि चलन प्रवासाच्या साठ दिवस आधीपासून घेता येते. मुलाचा पासपोर्ट, व्हिसा, तिकीट आणि पॅन कार्ड लागेल, आणि परकीय चलन घेण्यासाठी भरायच्या ए-२ अर्जावर मुलाबरोबर पालकाचीही सही लागेल. मुलाचे पॅन काढलेले नसेल तर आताच अर्ज करावा.

या कामाला मुलाला बरोबर न्यावे, ही माझी सर्वांत कळकळीची विनंती. नोटा त्यानेच मोजून घ्याव्यात, पावती त्यानेच वाचावी. घरी आल्यावर त्याला जर्मनीचे आणि स्वित्झर्लंडचे पैसे दोन वेगळ्या पाकिटांत ठेवू द्यावेत, आणि रोज किती खर्चायचे हे त्यालाच ठरवू द्यावे. आपण आखून दिलेला हिशेब पहिल्या स्मृतिचिन्हाच्या दुकानात मोडतो, त्याने स्वतः मांडलेला बराच टिकतो. आजी-आजोबा, आत्या, मामा जे काही हातावर ठेवतील ते या रकमेतच धरायचे की वरचे, हेही त्याच बैठकीत ठरवावे, नाहीतर निघण्याच्या आदल्या रात्री सगळा हिशेब बदलतो. घरच्यांसाठी चॉकलेट आणायचे असेल तर ते लुत्सर्नमधल्या मिग्रोस किंवा कोऑप या सुपरमार्केटमधून घ्यावे, धबधब्याच्या किंवा डोंगरावरच्या दुकानांतून नव्हे. जर्मनीत रविवारी जवळजवळ सगळी दुकाने बंद असतात, तेव्हा कार्यक्रमपत्रिकेत रविवार कुठे येतो ते पाहून खरेदी शनिवारी उरकावी.

दुपारचा खर्च आणखी कमी करायचा असेल तर थेपले, भाकरवडी आणि आपला लीलो चिवडो बरोबर द्यावा. पेढे किंवा दुधाचे इतर पदार्थ मात्र देऊ नयेत, ते तेथे नेता येत नाहीत आणि तपासणीत काढून घेतले जातात.

परत आल्यावर उरलेल्या नोटा परत करायच्या असतील तर १८० दिवसांच्या आत कराव्यात. २,००० डॉलरपर्यंतचे चलन स्वतःजवळ ठेवायला परवानगी आहे, त्यामुळे उरलेले दहा-वीस युरो पुढच्या प्रवासासाठी ठेवले तरी चालतात. कार्डावरची शिल्लक मात्र लगेच खात्यात परत वळवून घ्यावी, कारण बरेच दिवस न वापरलेल्या कार्डावर काही बँका शुल्क आकारतात.