निळ्या फरशांवरचा वास्को द गामा

प्रश्न : नातवाला पणजीत मिनेझिस ब्रागांझा संस्थेत नेले होते. प्रवेशदालनात निळ्या फरशांवर वास्को द गामाच्या सफरीची चित्रे आहेत. ती बघून तो म्हणाला, "आजोबा, पोर्तुगीज गेले, मग ही अजून कशी?" मला उत्तर सुचले नाही. दुसऱ्या देशांतही सरकारी भिंतींवर अशी चित्रे असतात का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : असतात, आणि अगदी मानाच्या जागी. भाच्याकडे अमेरिकेला गेले होते, तेव्हा वॉशिंग्टनला कॅपिटॉल, म्हणजे तिथले संसद भवन, पाहिले. प्रतिनिधिगृहाच्या बाजूला जिन्यावर एमान्युएल लॉइट्स यांचे भित्तिचित्र आहे, २० फूट उंच आणि ३० फूट रुंद. पश्चिमेकडे जमिनी शोधत निघालेल्या कुटुंबांचा तांडा डोंगरमाथ्यावर पोचलेला. १८६१-६२ मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना ते रंगवले. मान वर करून मी त्या बायका, गाड्या, थकलेली जनावरे बघत राहिले. चित्र मोठ्या ताकदीचे आहे. पण त्या जमिनींवर आधीपासून राहणारे लोक तांड्यात कुठे दिसेनात. ते सापडले कडेच्या वेलबुट्टीत.

मी पेडण्याची. आमचा तालुका १७८८ साली पोर्तुगिजांकडे गेला, तुमची डिचोली त्याच्या थोडी आधी. 'नव्या काबिजादी', म्हणजे नव्याने जिंकलेला मुलूख, हे आपल्या मुलखाचे नावसुद्धा जिंकणाऱ्याच्या बाजूचे. म्हणून वेलबुट्टीतली ती माणसे मला परकी वाटली नाहीत.

पणजीची चित्रे जॉर्ज कोलासो यांनी पोर्तुगीज कवी कामोइश यांच्या महाकाव्यावरून रंगवलेली, १९३५ सालची. संस्था १८७१ ची. तेव्हा तिला नावही वास्को द गामाचेच होते. मुक्तीनंतर ते बदलून लुईश द मिनेझिस ब्रागांझा यांचे दिले. १९३० मध्ये पोर्तुगालच्या वसाहत कायद्याविरुद्ध इथल्या विधिमंडळात उभे राहून स्वयंनिर्णयाचा हक्क मांडणारा हा माणूस. नाव बदलले, फरशा मात्र आपण उखडल्या नाहीत. मला ते योग्य वाटते. उखडल्या असत्या तर तुमच्या नातवाला तो प्रश्न पडलाच नसता.

पुढच्या खेपेला त्याला आधी दारावरची पाटी वाचायला लावा, त्या नावाची हकिगत सांगा, मग आत न्या. आणि चित्रांत आपली माणसे कुठे आहेत, ते त्यालाच शोधू द्या.