नवऱ्याला आधी एकटं अमेरिकेला जावं लागेल का?

हा प्रश्न माझ्याकडे व्हिसाचा प्रश्न म्हणून येतच नाही. येतो तो "आमच्यात हल्ली नीट बोलणंच होत नाही" म्हणून, नाहीतर "नवरा नसताना दोन वर्षं सासूबाई आणि मी एका घरात, मला नाही जमणार" म्हणून, आणि मग बऱ्याच वेळाने कुठेतरी कळतं की नवरा अमेरिकन सिटिझन आहे, दोघंही पुण्यातच राहतात आणि घरात तिकडे जायचं चाललंय. मी कोथरूडला कुटुंब समुपदेशन करते, वकील नाही, फॉर्म भरून देणं माझं काम नाही, पण याच एका गोष्टीवरून घरं विस्कटताना इतक्यांदा बघितलीत की शेवटी ते कागद मलाही वाचावे लागले.

त्यातलंच एक जोडपं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.

तो न्यू जर्सीत जन्मला, १९९० मध्ये, वडील तेव्हा तिकडे नोकरीला होते. हा चार वर्षांचा असताना सगळे परत आले ते आलेच. शाळा कर्वेनगरला, कॉलेज इथलंच, नोकरी हिंजवडीला, बोलणं-चालणं सगळं पुणेरी, फक्त पासपोर्ट अमेरिकेचा आणि कपाटात ओसीआय कार्ड, म्हणजे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला इथे राहता यावं म्हणून मिळतं ते. ती साताऱ्याकडची, फिजिओथेरपिस्ट. लग्नाला सात वर्षं, लेक पाच वर्षांची, आणि त्याचे वडील गेल्यापासून त्याची आई यांच्याकडेच. अमेरिकेला जायचं हे दोघांनी मिळून ठरवलेलं, पण त्याचं एकच पालुपद, मी आधी जातो, नोकरी बघतो, वर्षभर पगाराच्या स्लिपा जमू देत, मग तुमची फाइल लावू. म्हणजे फाइल लागायलाच वर्ष आणि पुढे ती हलायला आणखी वर्ष-दीड वर्ष. आणि बरं, हे म्हणूनही तो जात काही नव्हता. तिकीट नाही, अर्ज नाही, विषय काढला की "बघू गं".

ती पहिल्यांदा एकटीच आली होती. म्हणाली, "ताई, याला आमच्याबरोबर जायचंय का आमच्यापासून लांब जायचंय, तेवढंच मला कळू दे."

पुढच्या वेळी दोघांना बोलावलं आणि त्याला सरळ विचारलं, की आधी एकट्याने जावं लागतं हे तुम्हाला सांगितलं कुणी? तर काका. शिकागोचे काका, नव्वदच्या दशकात गेलेले, आणि काकूला इथे काही वर्षं थांबावं लागलं होतं हे त्यांच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. आता यात खोटं काहीच नाही, पण काका तेव्हा ग्रीन कार्डवाले होते, सिटिझन नव्हते. ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला दरवर्षीच्या ठरावीक कोट्यात रांग लावावी लागते, ती रांग कधी छोटी असते कधी वर्षानुवर्षांची. सिटिझनच्या बायकोला किंवा नवऱ्याला तो कोटाच नाही. अर्ज तपासून मंजूर व्हायला लागेल तो वेळ लागतोच, पण नंबर लागण्याची वाट बघावी लागत नाही. काकांचा अनुभव खरा, पण याच्या कामाचा नव्हता आणि त्यावर दोन वर्षं घर चाललं होतं.

तर मूळ प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते. सिटिझन नवरा किंवा बायको पुण्यात बसून, पुण्याचाच पत्ता घालून अर्ज करू शकते. फॉर्म आय-१३०, ऑनलाइन भरता येतो, फी ऑनलाइन भरलात तर ६२५ डॉलर आणि कागदावर पाठवलात तर ६७५, हे २०२४ च्या एप्रिलपासूनचे दर आहेत, भरायच्या दिवशी सरकारी साइटवर परत बघून घ्या. पूर्वी काही ठिकाणी थेट वकिलातीत अर्ज देता यायचा तसं आता अगदी अपवादात्मक कारण असेल तरच होतं. मंजुरीनंतर फाइल नॅशनल व्हिसा सेंटर या अमेरिकेतल्या सरकारी कार्यालयाकडे जाते, तिथे ३२५ आणि १२० डॉलर अशा दोन फिया, इमिग्रंट म्हणजे कायम राहायला जाण्याच्या व्हिसाचा डीएस-२६० फॉर्म, कागदपत्रं अपलोड, मग मेडिकल आणि मुंबईला बीकेसीतल्या वकिलातीत मुलाखत. हे सगळं होईपर्यंत नवरा-बायको एका घरात राहू शकतात, उलट एका घरात राहताय हाच लग्न खरं असल्याचा पुरावा असतो. तिने माझ्यासमोर हे ऐकलं आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं.

पण मग तो का टाळत होता?

लेकीचा विषय निघाला तेव्हा थोडा अंदाज आला. घरात सगळ्यांचं गृहीतच होतं की बाप अमेरिकन म्हणजे मुलगी आपोआप अमेरिकन, नुसता पासपोर्ट काढायचा. तसं नाहीये. आई-बापातला एकच सिटिझन असेल आणि मूल बाहेर जन्मलं असेल तर त्या सिटिझनने मुलाच्या जन्माआधी अमेरिकेत प्रत्यक्ष किमान ५ वर्षं काढलेली लागतात, त्यातली २ वर्षं वयाच्या चौदाव्या वर्षानंतरची. हा तर चौथ्या वर्षीच परत आलेला. म्हणजे लेकीचासुद्धा वेगळा आय-१३०, वेगळी फी. सिटिझनच्या बायकोच्या अर्जात मूल आपोआप धरलं जात नाही, आणि हे बऱ्याच जणांना मुंबईच्या मुलाखतीचं बघायला लागल्यावर कळतं, तेव्हा रडायची पाळी येते. चांगली बाजू अशी की १८ च्या आत इमिग्रंट व्हिसावर तिकडे उतरून सिटिझन बापाबरोबर राहायला लागली की ती कायद्यानेच नागरिक होते. हे सगळं त्याला माहीत होतं! त्याने शोधून ठेवलं होतं आणि घरात बोलला नव्हता. मी विचारलं अजून काय काय शोधलंय, तर गप्प.

मग त्याने बॅगेच्या लॅपटॉपच्या कप्प्यातून एक चौघडी केलेला कागद काढला. बँकेचा फॅटकाचा फॉर्म. २०१५ मध्ये भारत-अमेरिका करार झाल्यापासून आपल्या बँका विचारतात ना, तुम्ही अमेरिकेचे नागरिक आहात का, तोच. घड्यांवर विरलेला, वर चहाचा डाग, नाव आणि खाते नंबर भरलेला आणि त्या एका प्रश्नाचे दोन्ही चौकोन कोरे. कित्येक महिने हा माणूस तो कागद घेऊन हिंजवडीला जात-येत होता.

भीती ही होती की अमेरिकन सिटिझन जगात कुठेही राहिला तरी त्याला तिकडचं टॅक्स रिटर्न भरावं लागतं, याने आयुष्यात एकदाही भरलं नव्हतं, आणि बायकोच्या फाइलमध्ये स्पॉन्सर म्हणून आय-८६४, म्हणजे तिच्या खर्चाची जबाबदारी घेतो असं हमीपत्र, भरताना रिटर्न मागतात. त्याच्या डोक्यात पुढचं सगळं चित्र तयार, लाखो रुपयांचा दंड, विमानतळावर अडवतील, आईला काय सांगू. म्हणून आधी एकटा जातो, जे व्हायचं ते माझं होऊ दे. आणि ती इकडे समजून बसलेली की याला आम्ही नकोत.

ती आधी हसली. "एवढ्यासाठी?" आणि मग त्या दिवशी उरलेला सगळा वेळ ती चिडलेलीच होती आणि मी तिला थांबवलं नाही, कारण रागाचं कारण टॅक्स नव्हतंच. लोक म्हणतात घरात पैशावरून भांडणं होतात, माझ्या मते पैशाबद्दल न बोलण्यावरून जास्त होतात, पण ते असो.

टॅक्सचं म्हणाल तर ज्याने मुद्दाम लपवलेलं नाही, माहीत नसल्याने राहिलंय, त्याच्यासाठी अमेरिकेच्या कर खात्याची सोय आहे, स्ट्रीमलाइन्ड म्हणतात तिला. मागच्या ३ वर्षांची रिटर्न आणि ६ वर्षांचे परदेशी खात्यांचे अहवाल भरायचे. ते अहवाल कुणाला लागतात, तर ज्याच्या अमेरिकेबाहेरच्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १० हजार डॉलरच्या वर गेली त्याला, आणि पीएफ-एफडी धरून पुण्यातल्या नोकरदाराची ती सहज जाते. बाहेर राहणाऱ्याला या सोयीत दंड नाही, आणि इथल्या पगारावर इथे टॅक्स कापलेला असल्याने तिकडे बहुतेकांना भरायचं फारसं काही निघत नाही. पण हे अमेरिकन रिटर्न भरणाऱ्या सीएकडूनच करून घ्यायचं, नेहमीच्या सीएला चहा पाजून नाही. त्याला तसा माणूस शोधायला लावला, तीन महिन्यांत काम झालं आणि टॅक्स शून्य निघाला.

राहिला पगाराचा मुद्दा. हिंजवडीची नोकरी तिकडे गेल्यावर सुटणार असेल तर तो पगार स्पॉन्सर म्हणून धरत नाहीत. पण त्यासाठीही आधी जाऊन नोकरी करायलाच पाहिजे असं नाही, तिकडे राहणारा कुणीही सिटिझन किंवा ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर होऊ शकतो. याचा आतेभाऊ डॅलसला, घरात चार माणसं, त्यात ही पाचवी, म्हणजे पाच माणसांच्या गरिबी रेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचं, २०२५ च्या आकड्यांनी साधारण ४७ हजार डॉलर. भावाला ते जड नव्हतं. जड होतं ते त्याला विचारणं, कारण ही नुसती सही नसते, कायद्याने बांधणारी जबाबदारी असते आणि ती सहसा स्पॉन्सर केलेली व्यक्ती सिटिझन होईपर्यंत किंवा तिच्या कामाची साधारण दहा वर्षं भरेपर्यंत राहते, घटस्फोटानेसुद्धा सुटत नाही. मी म्हटलं फोन दोघांनी मिळून करा आणि हे सगळं त्याला आधीच सांगा. केला. तो "अरे पाठव की फॉर्म" म्हणाला.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, जिथे लोक खरंच अडकतात. जॉइंट स्पॉन्सर मिळाला तरी अर्ज करणाऱ्या सिटिझनला स्वतःचं डोमिसाइल, म्हणजे कायमचं राहण्याचं ठिकाण, अमेरिकेत आहे, किंवा बायकोच्या आधी नाहीतर तिच्याबरोबरच तो तिकडे राहायला जाणार आहे, हे दाखवावंच लागतं. बायकोला पुढे पाठवून मी मागून येतो हे चालत नाही. दाखवायचं कसं, तर तिकडचं बँक खातं, राहायची जागा किंवा भावाचं पत्र, नोकरीचे अर्ज, लेकीच्या शाळेची चौकशी, सामान पाठवायचं कोटेशन, इथली नोकरी सोडायची तयारी. हे कागद शेवटच्या आठवड्यात गोळा होत नाहीत, आणि एकट्या नवऱ्याने गोळा करायचे तर मुळीच नाहीत. माझ्या टेबलावर दोघांना एक कोरा कागद दिला, वर महिने लिहायला लावले आणि कोण काय करणार ते तिच्या अक्षरात. शाळेच्या ओळीपाशी दोघं अर्धा तास अडले. आईंच्या ओळीपाशी त्याहून जास्त.

आईंना तिसऱ्या वेळी मीच बोलवून घेतलं. मुलगा सिटिझन आणि २१ च्या वर असला की आईसाठीही त्याला अर्ज करता येतो आणि तिथेही कोटा नाही, हे सांगितलं तर म्हणाल्या, "मला कुठे जायचंय? तिथे मंडई आहे का?" पण आपल्याला विचारलं याचं बरं वाटलं त्यांना, दिसत होतं. सध्या इथेच राहायचं, वरच्या मजल्यावर नणंद आहे, पुढचं पुढे.

दोन गोष्टी जाता जाता, कारण सारख्या विचारतात. एक, अर्ज चालू असताना "तोवर टुरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ का". मागता येतो, पण तुमच्या नावाने इमिग्रंट अर्ज आहे का हे त्या फॉर्ममध्येच विचारतात, खरं लिहायचं आणि नकाराची तयारी ठेवायची, कारण तुम्ही परत याल हे पटवणं तेव्हा फार अवघड जातं. दुसरं, नावं. आपल्याकडे लग्नानंतर मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात, मग पासपोर्ट माहेरच्या नावाचा, आधार सासरच्या, महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातला विवाह दाखला तिसऱ्याच स्पेलिंगचा. अर्जात आधीची सगळी नावं लिहायला जागा असते, तिथे सगळी लिहा, मध्येच घाबरून पासपोर्ट बदलायला धावू नका, आधी वकिलाला विचारा. आणि मंगल कार्यालयाची पावती किंवा गुरुजींचं पत्र म्हणजे विवाह नोंदणी नव्हे.

तुमच्यातला अर्ज करणारा सिटिझन नसून ग्रीन कार्डवाला असेल तर मात्र वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. त्याने पुण्यात येऊन राहणंच धोक्याचं असतं, सलग वर्षाच्या वर बाहेर राहिला तर त्याचंच कार्ड जाऊ शकतं, निघण्याआधी री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत आत येण्याचा परवाना, काढावं लागतं. तिथे पहिल्याच दिवशी इमिग्रेशन वकील गाठा.

या दोघांचे दोन्ही अर्ज आता दाखल आहेत. लग्नाला दोन वर्षं कधीच होऊन गेलीत, त्यामुळे तिला नव्या लग्नाला देतात ते दोन वर्षांचं अटीचं ग्रीन कार्ड नाही, सरळ दहा वर्षांचं मिळेल. वाट बघण्याच्या काळात तिने आपल्या डिग्रीचं मूल्यांकन करायला पाठवलंय, तिकडे फिजिओथेरपीचं लायसन्स राज्याराज्याचं वेगळं असतं आणि एनपीटीई नावाची परीक्षा द्यावी लागते. त्यावरून नवीन भांडण सुरू आहे, तो म्हणतो भाऊ डॅलसला आहे तर टेक्सासच, ती म्हणते माझं लायसन्स जिथे लवकर होईल तिथे घर. हे भांडण ते घरीच करतात, मला फक्त फोनवर स्कोअर कळतो.