जानेवारीत पृथ्वी सूर्याच्या अधिक जवळ असते, तर इंदूरला तेव्हाच थंडी का पडते?

आपण म्हणता ते अंतर खरे आहे: जानेवारीच्या आरंभी पृथ्वी सूर्यापासून सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर असते आणि जुलैच्या आरंभी सुमारे १५.२ कोटींवर. मात्र हा फरक जेमतेम ३ टक्क्यांचा असून ऋतू त्यामुळे होत नाहीत. तसे असते तर जानेवारीत दक्षिण गोलार्धाप्रमाणे आपल्याकडेही उन्हाळाच असता.

ऋतूंचे कारण पृथ्वीच्या आसाचा सुमारे २३.४ अंशांचा कल हे आहे. इंदूर सुमारे २२.७ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस असल्याने २१ जूनच्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो, तर २२ डिसेंबरच्या सुमारास तो क्षितिजापासून केवळ ४४ अंश वर चढतो. तिरपे किरण अधिक जमिनीवर पसरल्यामुळे तेवढ्याच जागेला जूनच्या तुलनेत सुमारे ७० टक्केच ऊन मिळते. शिवाय दिवस साडेतेरा तासांवरून पावणेअकरा तासांवर येतो.

मग सर्वाधिक उकाडा जूनअखेर का नसतो, हा पुढचा प्रश्न स्वाभाविक आहे. माळव्यात जूनच्या उत्तरार्धात मोसमी ढग येतात आणि ऊन अडवतात, म्हणून मे महिनाच अधिक तापतो. उज्जैनच्या वेधशाळेतील शंकुयंत्रावर (उभ्या शंकूची सावली मोजण्याच्या यंत्रावर) मध्यान्हीच्या सावलीची वर्षभरातील वाढ-घट प्रत्यक्ष पाहता येते. मुलांना अवश्य दाखवावी.