चाळीस कोअर मागितले तरी काम रेंगाळतंच!

प्रश्न : नमस्कार ताई, मी बडोद्यात पीएचडी करतेय, विश्वामित्रीच्या खोऱ्यातल्या १९८१ ते २०२० च्या पावसाचा हिशोब पायथनमध्ये मांडलाय. लॅपटॉप फार वेळ घ्यायचा म्हणून सरांनी एका क्लस्टरवर (एकत्र जोडलेले पुष्कळ कॉम्प्युटर) अकाउंट मिळवून दिलं. तिथे स्लर्मच्या (जॉब रांगेत लावून कोअर वाटून देणारं सॉफ्टवेअर) स्क्रिप्टमध्ये एनटास्क्स ४० टाकून, म्हणजे काम चाळीस कोअरमध्ये (प्रोसेसरचे गणित करणारे भाग) वाटलं जाईल असं समजून, एस-रन या आज्ञेने प्रोग्रॅम सोडला, तरी वेळ तेवढाच, वर निकालाच्या फाइलमध्ये ओळी एकात एक घुसलेल्या. हेल्पडेस्कला ‘जॉब नीट चालत नाही, प्लीज हेल्प’ असं लिहिलं तर ‘डिटेल्स पाठवा’ एवढंच उत्तर. एमपीआयचा (प्रोग्रॅमच्या तुकड्यांना एकमेकांशी बोलू देणारी पद्धत) कोर्स करू का?
– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा

उत्तर : अगं, कोर्स नंतर. तुझं काम चाळीस जणांत वाटलंच गेलं नाहीये, एकच काम चाळीस जण पहिल्यापासून शेवटपर्यंत करत बसलेत! साध्या पायथनला एमपीआयची काही खबर नसते, आणि एस-रन मुकाट्याने सांगितल्या तेवढ्या कॉप्या सुरू करतो, त्या सगळ्या एकाच फाइलमध्ये लिहायला धावल्या की ओळींची खिचडी होणारच.

आता बघ, तुझं दर वर्षाचं गणित दुसऱ्या वर्षावर अवलंबून नाही ना? मग स्लर्मचा जॉब-अ‍ॅरे (एकाच स्क्रिप्टचे नंबर दिलेले स्वतंत्र तुकडे) वापर, १ ते ४०, प्रत्येक तुकड्याला एक कोअर, आणि स्लर्म देतो त्या नंबरात १९८० मिळवलेस की वर्ष मिळालं. थेट १९८१ लिहायचा मोह होईल, पण बऱ्याच ठिकाणी हा नंबर हजाराच्या वर घेत नाहीत. दर वर्षाची फाइल वेगळी ठेव, शेवटी जोड. आणि आधी फक्त दोन वर्षं चालवून बघ, किती वेळ नि मेमरी लागली ते एस-अ‍ॅक्ट ही स्लर्मची आज्ञा सांगते, त्यावरून थोडा वाढवून वेळ माग, कारण उगाच दोन दिवस मागणाऱ्याचा जॉब रांगेत कुजतो, छोटा मात्र मधल्या फटीत घुसून जातो. लॉगिन नोडवर (क्लस्टरवर शिरल्यावर आपण पोचतो तो कॉम्प्युटर) काहीही चालवू नकोस हं, तिथे सगळ्यांचा वावर असतो.

हेल्पडेस्कवर माझा फार राग नाही, नुसत्या ‘चालत नाही’वरून बिचारे काय ओळखणार? जॉब आयडी, पूर्ण स्क्रिप्ट, एररचा मजकूर (फोटो नको, कॉपी-पेस्ट), आधी कधी चाललं होतं आणि मध्ये काय बदललं, एवढं पाठव. विचारायला लाजू नकोस.

एमपीआय तेव्हा शीक जेव्हा तुकड्यांना चालू कामात एकमेकांशी बोलावं लागेल, म्हणजे उद्या पुराचं मॉडेल आखलंस आणि एका चौकटीतलं पाणी शेजारच्या चौकटीत वाहायला लागलं तर. तेव्हाही जीन आम्डाल या संगणकतज्ज्ञाचा १९६७ चा हिशोब आठव, पाच टक्के काम एकामागून एकच होणारं असेल तर हजार कोअर लावलेस तरी वेग वीसपटीवर जात नाही. ट्रेनिंगसाठी २०१५ च्या नॅशनल सुपरकंप्युटिंग मिशनखाली सी-डॅक (सरकारी संगणक संशोधन संस्था) आणि आयआयटी कार्यशाळा घेत आलेत. आपल्या जवळचं म्हणजे आयआयटी गांधीनगरचं ‘परम अनंत’, ८३८ टेराफ्लॉप्सचं (म्हणजे सेकंदाला ८३८ लाख कोटी गणितं करणारं) सुपरकंप्युटर. कार्यशाळेला गेलीस तर स्वतःचा डेटा आणि हीच स्क्रिप्ट घेऊन जा, तिथल्या तयार उदाहरणांवर सगळं छान चालतं आणि घरी आलं की पुन्हा अडतं.

आणि हो, निकाल स्क्रॅचमध्ये (क्लस्टरवरची तात्पुरती जागा) पडू देऊ नकोस, जुन्या फाइली तिथून आपोआप पुसल्या जातात.