तोरणमाळला पहिल्यांदा लेकरं घेऊन निघताय, तर

भाऊ, आधी खोली पक्की करा, मग सुट्टी टाका. नंदुरबार जिल्ह्यातलं तोरणमाळ म्हणजे थंड हवेचं छोटं ठिकाण, राहायच्या सोयी मोजक्याच आहेत आणि शनिवार-रविवारी त्या भरलेल्या असतात. महाशिवरात्रीला गोरखनाथांची यात्रा असते. त्या दिवसांत गर्दीची हौस असेल तरच जा.

घाटाआधीच्या शहादा गावातच पेट्रोलची टाकी भरा, रोख पैसे काढून ठेवा. वर नेटवर्कच्या भरवशावर राहू नका. घाटाची वळणं बेक्कार आहेत. आम्ही पहिल्या वेळी निघताना पोरांना पोटभर शेवभाजी खाऊ घातली आणि तिसऱ्या वळणावर गाडी धुवायची वेळ आली. तेव्हापासून घाट चढेपर्यंत फक्त मुरमुरे आणि आवळासुपारी. जेवण वर पोचल्यावर. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, मिरचीचा ठेचा बांधून न्या, कारण तिथे ऐनवेळी ताट मिळेलच असं नाही.

सातपुड्यात साधारण १,१५० मीटर उंचीवर आहे हे ठिकाण. खाली धुळे-जळगावात घाम निघतो म्हणून स्वेटर घरी ठेवाल तर रात्री कुडकुडाल. हिवाळ्यात कानटोपीसुद्धा लागते.

सीताखाईचा धबधबा बघायचा तर पावसाळ्यात किंवा लगेच नंतर जा. उन्हाळ्यात नुसती कोरडी दरी दिसते. कड्याजवळ लहानग्याचा हात सोडू नका, फोटो गेला खड्ड्यात. यशवंत तलावाकाठी मात्र सकाळी लवकर, चहाआधी चक्कर मारा.

आणि भिल्ल-पावरा आदिवासींच्या पाड्यांतून जाताना विचारल्याशिवाय कुणाच्या घरादाराचे फोटो काढू नका. आधी दोन शब्द बोला.