संगणक लॅबच्या पहिल्या तासाआधी

बाई, बेळगावजवळच्या खानापूरकडच्या शाळेत पहिल्याच तासाला स्क्रॅच, म्हणजे ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायचं साधन, उघडू नका. आधी क्रोम म्युझिक लॅब या वेबसाइटवरचं साँग मेकर द्या; त्यात चौकोन भरून गाणं रचायचं. लॉगिन लागत नाही. खालच्या दोन ओळी तालाच्या. लेझीमचा ठेका मुलं आपोआप शोधतात. सेव्ह केल्यावर येणारी लिंक मात्र वहीत उतरवून घ्या.

मग स्क्रॅच. २०१९ च्या ३.० आवृत्तीपासून ते फ्लॅश या जुन्या ब्राउझर-प्लगइनशिवाय चालतं, टॅबलेटवरही. खातं नसेल तर दर दहा मिनिटांनी फाइल संगणकावर उतरवायला लावा. एकदा वीज गेली आणि माझ्या सातवीच्या मुलांनी स्क्रॅचमध्ये केलेला दिवाळीचा किल्ला पुसला गेला. एक मुलगी रडलीच. तिचा मावळा मराठीत विचारायचा, राखणदार कन्नडमध्ये उत्तर द्यायचा. असं काम आपल्याच भागातली मुलं करतात, ते जपा. पावसाळ्यात नेटचा भरवसा नाही, स्क्रॅचचं ऑफलाइन ॲप आधीच टाकून ठेवा.