आधी समोर बसून वाच

प्रिय मुली,

तुझी मेल रात्री वाचली, सकाळी परत वाचली. बायकांना गाभाऱ्यात मनाई असलेल्या त्या देवळावरचं तुझं तिसरं प्रकरण 'संवेदनशील' आहे, ते आपल्या अभ्यास-केंद्राच्या अहवालातून वगळा, असं तुला वरून सांगितलं गेलंय. देवस्थानच्या मंडळींना त्यात बदनामी दिसली. चळवळीतले तुझे मित्र म्हणतात, तू विश्वस्तांना सांभाळून घेतलंस, लिखाणात दमच नाही. आणि या सगळ्याला कंटाळून तू विषय बदलायला निघालीस. एखादी पोथी घेते, तिच्या प्रती ताडून पाहते, निदान कुणी अंगावर तरी येणार नाही, असं म्हणतेस.

पोथी घ्यायची तर जीव लावून घे. पळून जाऊन घेऊ नकोस. इतकी मोठी मेल लिहिलीस, पण मला हवं होतं तेच तिच्यात नाही. ते प्रकरण तू त्या मंडळींसमोर बसून वाचून दाखवलंस का? विश्वस्तांना? ज्यांना गाभाऱ्याबाहेर थांबावं लागतं त्या बायकांना? नाही ना? कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या पीडीएफमधून त्यांनी स्वतःबद्दल पहिल्यांदा वाचलं. मग ते चिडले यात नवल काय?

माझं म्हणणं तुला ठाऊक आहे, तरी परत सांगते. ज्याच्याविषयी लिहिलंस त्याच्यासमोर बसून ते वाच. त्याला तुझा निष्कर्ष पटला पाहिजे असं मुळीच नाही. पण तू केलेलं वर्णन ऐकून त्याने म्हटलं पाहिजे, 'हो, हे आम्हीच, असंच करतो आम्ही.' ही ओळख पटली की पुढे काय निवाडा द्यायचा तो दे, कडक दे. ती पटली नसेल तर तुझा निवाडा तू मनात रंगवलेल्या माणसांबद्दल आहे, त्या गावातल्या माणसांबद्दल नाही. विल्फ्रेड कँटवेल स्मिथ नावाच्या अभ्यासकाने १९५९ मध्ये याच धर्तीचा आग्रह धरला होता. पुढे तो हार्वर्डच्या धर्म-अभ्यास केंद्राचा संचालक झाला. त्याचं ऐकून मी हे शिकले असं मात्र नाही. मी हे गावात शिकले.

आपल्याकडे हे काम इतकं विरळ का, ते आधी समजून घे, म्हणजे तुला एकटं वाटणार नाही. घटनेच्या कलम २८ ने पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण द्यायला मनाई केली. विद्यापीठांनी त्याचा सोयीचा अर्थ लावला, की धर्माला हातच लावायला नको. धर्माचं शिक्षण देणं वेगळं आणि धर्मांविषयी शिक्षण देणं वेगळं, हा फरक कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच स्पष्ट केला होता. अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाबाबत १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की गुरू नानकांच्या जीवनाचा आणि शिकवणुकीचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे. २००२ मध्येही न्यायालयाने तोच फरक उचलून धरला. तरी पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठासारखा धर्म-अध्ययनाचा स्वतंत्र विभाग क्वचितच कुठे उभा राहिला. संस्कृतवाल्यांकडे ग्रंथ, पालीवाल्यांकडे त्रिपिटक, समाजशास्त्राकडे जात, राज्यशास्त्राकडे दंगली, अशी वाटणी झाली. देवळाच्या पायरीवर रोज काय चालतं, मशिदीचे हिशोब कोण लिहितं, पालखी कुठल्या रस्त्याने जाते, हे बघायला कुणी उरलंच नाही.

त्याची किंमत आपण न्यायालयात मोजतो. १९५४ चा शिरूर मठाचा निकाल तू वाचला आहेसच (आपलं पुण्याजवळचं शिरूर नव्हे, उडुपीच्या अष्टमठांतला मठ). धर्माचा अत्यावश्यक भाग कोणता हे मुख्यतः त्या धर्माच्या स्वतःच्या शिकवणुकीवरून ठरवायचं, असं न्यायालयाने तेव्हा म्हटलं. ते ठरवण्याची जबाबदारी मात्र न्यायाधीशांवर येऊन पडली. १९६६ मध्ये स्वामीनारायण पंथाचा खटला आला. आम्ही हिंदू नाही, म्हणून हरिजनांच्या मंदिरप्रवेशाचा कायदा आम्हाला लागू नाही, असं सत्संगींचं, म्हणजे त्या पंथाच्या अनुयायांचं, म्हणणं होतं. न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी टिळकांच्या व्याख्येपासून राधाकृष्णन यांच्यापर्यंत सगळ्यांचा आधार घेत ठरवलं की तुम्ही हिंदूच आहात, आणि तुमचा हा दावा अंधश्रद्धेतून आणि अज्ञानातून आला आहे. मंदिर उघडलं, ते उघडायलाच हवं होतं, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण तुमचा धर्म नेमका काय हे तुम्हालाच कळलेलं नाही, असं माणसांना बाहेरून सांगितलं गेलं. ते मला तेव्हाही खटकलं, आजही खटकतं. दार उघडण्यासाठी समतेचा कायदा पुरेसा होता.

इथे तुझे मित्र म्हणतील, मॅडम अखेर श्रद्धावानांच्याच बाजूच्या. श्रद्धावान म्हणजे फक्त विश्वस्त असं त्यांना कुणी सांगितलं? २ मार्च १९३० ला काळारामाच्या दाराशी सत्याग्रहाला बसलेले लोक त्या वर्णनाचा भाग नव्हते का? १ मे १९४७ पासून साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं तेव्हा बडव्यांइतकाच विठ्ठलावर हक्क सांगणारे लोक देवळाबाहेर होते. दाऊदी बोहरांचं घे. जातिबहिष्काराविरुद्धचा मुंबई प्रांताचा १९४९ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये चार विरुद्ध एक मतांनी रद्द केला. धर्मगुरूंचा बहिष्काराचा अधिकार हा त्या पंथाच्या धर्माचा भाग आहे, असं बहुमताने मानलं. पण ज्याला समाजाबाहेर काढलं, ज्याला दफनभूमी मिळेना, तोही त्याच पंथाचा माणूस होता. त्याला विचारलं असतं तर त्याने आपल्या धर्माचं वर्णन निराळं केलं असतं. तो प्रश्न २०२३ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे गेलाय. म्हणून म्हणते, समोर बसून वाच, आणि एकाच्या समोर वाचून थांबू नकोस.

एक गाव सांगते, नाव सांगणार नाही. जत्रेची पालखी सगळ्या आळ्यांतून फिरायची, एका वस्तीत जायची नाही. समितीतले लोक म्हणायचे, वाट अरुंद आहे, पालखी वळत नाही. मी मसुद्यात लिहिलं की समिती पालखी त्या वस्तीत नेत नाही. मग तो मसुदा घेऊन मी आधी वस्तीत गेले, समाजमंदिराच्या ओट्यावर बसले आणि वाचला. एक बाई म्हणाल्या, "नेत नाही एवढंच नका लिहू. वाट अरुंद आहे म्हणतात, ते लिहा. आणि ग्रामपंचायतीने रस्ता रुंद करून सिमेंट टाकलं त्याला किती वर्षं झाली, तेही लिहा." एका पोराने माझ्या देखत रस्त्याची रुंदी पावलांनी मोजून दाखवली.

ते लिहून घेऊन मी समितीकडे गेले. देवळाच्या सभामंडपात सतरंजी घातली होती, मधे पानसुपारीचं तबक. रस्त्याचा परिच्छेद आला तसे अध्यक्ष म्हणाले, "ते वाटेचं काढून टाका. वाटेचा काही संबंध नाही. पालखी कुणाच्या दारी थांबायची हे मानावर ठरतं, आणि त्यांचा मान नाही." एक सदस्य त्यांना गप्प करू पाहत होते. ते गप्प झाले नाहीत. त्यांना स्वतःचं वर्णन खरं हवं होतं. ट्रस्टच्या नियमावलीची नकल मी धर्मादाय कार्यालयातून आधीच काढली होती, तिच्यात मानाचा शब्दही नव्हता. मग मी निष्कर्ष लिहिला की हा भेदभाव आहे. अस्पृश्यता बंद करणाऱ्या घटनेच्या कलम १७ मध्ये आणि नागरी हक्क संरक्षण कायदा १९५५ मध्ये तो बसतो, कारण धार्मिक मिरवणुकीत भाग घेण्यापासून अस्पृश्यतेच्या कारणाने रोखणं हा त्या कायद्याच्या कलम ४ खाली गुन्हा आहे. अध्यक्षांना निष्कर्ष मुळीच आवडला नाही. पण आम्ही असं म्हटलंच नव्हतं, असं त्यांना कधी म्हणता आलं नाही. ती दोन वाक्यं मला कुठल्या प्रश्नावलीतून मिळाली असती, सांग.

आता माझ्याबद्दल. केंद्रात माझ्यामागे काय बोललं जायचं ते तुझ्या कानावर आलंच असेल. मॅडमचा अहवाल कधी वेळेवर येत नाही, मॅडम निवाडा टाळतात, मॅडमना सगळ्यांना खूश ठेवायचं असतं. निवाडा मी टाळला नाही, तो अहवाल आजही ग्रंथालयात आहे, शेवटचं पान काढून बघ. वेळ लागला हे खरं. वस्तीतली पोरं मला विचारायची, "मॅडम, कागद कधी होणार?" कागद होईपर्यंत त्यांतली काही शहरात कामाला निघून गेली, आणि पालखी त्यांच्या दारावरून जाण्याआधीच त्यांची दारं बंद झाली. ही खंत मला आहे, ती जाणार नाही. तरी उद्या तेच गाव परत मिळालं तर मी तसंच करेन. घाईने लिहिलेला कागद पहिल्या सुनावणीतच फाटला असता, आणि त्यानंतर त्या पोरांचं कुणीच ऐकलं नसतं. माझ्याबरोबरच्या लोकांनी या काळात भराभर पेपर छापले, बढत्या घेतल्या, परिषदा भरवल्या. त्या परिषदांत धर्म आणि सार्वजनिक जीवन यावर भाषणं झाली, आणि ज्यांच्या धर्माबद्दल बोलणं चाललं होतं त्यांच्यातला एकही माणूस खुर्चीवर नसायचा. मला तसं करायचं नव्हतं, आणि केलं नाही याचं मला समाधान आहे.

तुझ्या प्रकरणात मला एक मोठी उणीव दिसली, ती तुझ्या मित्रांना दिसली नाही आणि विश्वस्तांनाही. बायकांना गाभाऱ्यात मनाई ही 'प्राचीन प्रथा' असं तू लिहिलंयस. कुणी सांगितलं प्राचीन? हाजी अलीचं प्रकरण आठव. मुंबई उच्च न्यायालयाने २६ ऑगस्ट २०१६ ला निकाल दिला, आणि त्या सुनावणीत समोर आलेली महत्त्वाची गोष्ट म्हणजे २०११-१२ च्या आधी बायका आत मजारीपर्यंत जात होत्या. प्रथा म्हणून सांगितली जाणारी बंदी चार-पाच वर्षांची होती. प्रत्येक बंदीला आधी विचार, कधीपासून? गावातल्या सत्तरीच्या बायकांना विचार, त्या लग्न होऊन आल्या तेव्हा काय होतं. पुजाऱ्याच्या आईला विचार. उत्तर प्राचीनच निघालं तर तसं लिही, पण विचारल्याशिवाय लिहू नकोस. आणि ते उत्तर विश्वस्तांसमोर वाच. कदाचित त्यांच्यातल्याच कुणाला आपल्या आजीचं काही आठवेल.

एवढ्यावरून उठून उद्या सगळ्या गावासमोर मसुदा वाचायला जाऊ नकोस. आधी कमजोर बाजूकडे जा, त्यांच्या जागेत, त्यांच्या वेळेला. कुणाचं वाक्य कुणाचं हे ओळखू येणार असेल तर ते त्या माणसाला विचारूनच ठेव, नको म्हटलं तर काढ, कितीही चांगलं वाक्य असलं तरी काढ. तुला ज्यांनी मनातलं सांगितलं त्या बायकांना उद्या त्याच गावात पाणी भरायचंय, आणि तू परत वसतिगृहात येणार आहेस. त्यांची परवानगी आल्यावरच विश्वस्तांकडे. विश्वस्तांना नकाराधिकार द्यायचा नाही, हे पहिल्या पाच मिनिटांत सांग. चुकलेली गोष्ट दुरुस्त करीन, न आवडलेली ठेवीन, असं शब्दांत सांग. माणसं हे समजून घेतात. तुला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ जास्त समजून घेतात.

विभागप्रमुखांशी भांडू नकोस आणि त्यांच्यासमोर मानही तुकवू नकोस. कुठल्या परिच्छेदात चूक आहे, कुठला मजकूर बदनामीकारक आहे, हे लेखी मागव. तोंडी उत्तर आलं तर त्याच दिवशी मेल करून ते नोंदवून ठेव. मी त्यांना फोन करावा असं तू सुचवलंयस. मी करणार नाही. माझ्या फोनने प्रकरण आत गेलं तर पुढच्या वेळी दुसऱ्या कुणाच्या फोनने ते बाहेर जाईल. वाचनाच्या नोंदी जोडलेला मसुदा त्यांच्या टेबलावर ठेव, तारखेसकट, कोण हजर होतं त्याच्यासकट. असा कागद वगळणं अवघड असतं.

धर्मादाय कार्यालयात परिशिष्ट एकच्या, म्हणजे ट्रस्टच्या नोंदणी-उताऱ्याच्या, नकलेसाठी अर्ज केला आहेस की अजून मनातच आहे? सोमवारी जा. नकलेबरोबर त्या ट्रस्टचे बदल अर्जही बघायला माग. विश्वस्त कधी बदलले, कुणी हरकत घेतली, हरकतीत काय लिहिलं, हे त्यात सापडतं. गाभाऱ्याची बंदी कधी आली याचा धागा तिथेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते. मग त्या बायकांकडे जा आणि समोर बसून वाच. त्या काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत मसुद्याच्या समासात लिही आणि पानांचे फोटो मला पाठव. टाइप करण्यात वेळ घालवू नकोस, तुझं अक्षर मला लागतं.

तुझी,
मॅडम